चुकलेली तिथी

१५ जून

ही डायरी खरं तर बाबांची. दर वर्षी पतपेढीतून एक फुकट मिळायची. ते तिच्यात दुधाचे खाडे मांडायचे आणि बाकीची पानं कोरी. यंदाही मी सवयीने मागून आणली आणि घरी आल्यावर आठवलं, की बाबा गेल्या श्रावणातच गेले. बाई गं, काय हा वेंधळेपणा! सहा महिने टीव्हीखाली पडून होती. आज काढली, कारण कुणाशी तरी बोलायचंय आणि घरात भिंती सोडल्या तर मी एकटीच.

सकाळी भटजींचा फोन आला. बाबांचं वर्षश्राद्ध १३ ऑगस्टला येतंय. "विमलताई, तीन पिढ्यांची नावं काढून ठेवा. आणि तुमच्या आजोबांची तिथी." नावं मला पाठ आहेत. बाबा रघुवीर, आजोबा गुणाजी, पणजोबा बाबल. केळुसकर, मुक्काम केळूस, तालुका वेंगुर्ला. अडलं ते तिथीवर.

गुणाजी आजोबा खलाशी. गोऱ्यांच्या आगबोटीवर होते. लढाईत बोट बुडाली, ती बुडाली. ना प्रेत आलं, ना धड बातमी. आजीने बारा वर्षं कुंकू लावलं. मग गावच्या भटांनी सांगितलं म्हणून पालाशविधी केला. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस बनवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, की झाला हरवलेला माणूस रीतसर मेलेला. अग्नी बाबांनी दिला. त्या दिवशी षष्ठी होती, म्हणून आमच्याकडे पितृपक्षात षष्ठीला आजोबांचं पान वाढतात. जन्मभर हेच बघत आले.

पण शेवटच्या महिन्यात बाबांनी एकदा माझं मनगट धरलं. पेज भरवत होते मी. म्हणाले, "विमल, माझ्या बाबांची तिथी चुकली गं." मी विचारलं, "मग बरोबर कुठली?" तर तोंड भिंतीकडे. म्हटलं, "बरं, बरोबर करून घेऊ." "नक्की?" "नक्की." तेव्हा कुठे मनगट सोडलं.

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, वय झालं, बरळतोय. माझे बाबा बरळणाऱ्यांतले नव्हते. उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत. अशा माणसासाठी घरात राहिले, म्हणून तर मला कधी आपण फुकट गेलो असं वाटलं नाही. आता दिलेला शब्द तेवढा पाळायचा. १३ ऑगस्टच्या आत आजोबांची खरी तिथी शोधायची.

२२ जून

वाट लागली आज. कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार धाडकन बंद. किल्ल्या आत. दुसरी किल्ली समोरच्या अक्षताकडे, आणि अक्षता नवऱ्याबरोबर खरेदीला. बसले जिन्यात. येणारेजाणारे विचारत होते, "काय काकू, कुणाची वाट बघताय?" काय सांगणार! स्वतःच्याच घराबाहेर माणूस किती बावळट दिसतो, ते आज कळलं.

बसल्या बसल्या दाराकडे बघत होते. आता तपकिरी सनमायका आहे. पूर्वी आमचं दार निळं होतं. साधं निळं नाही, होडीला लावतात तसं ढळढळीत. बाबा खारदांड्याहून रंगाचा डबा घेऊन आले आणि स्वतःच फासला. अख्खी सोसायटी हसली. या दारापायी मी ऑफिसातल्या एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही, की दाराचं कुणाला सांगितलं नाही. नव्वद साली सोसायटीने दुरुस्ती काढली तेव्हा एकदाचं गेलं.

दांडा म्हणजे बाबांचं वेड. बोरीवलीत ढीगभर मासळीवाल्या असताना हा माणूस महिन्यातून एका रविवारी खारच्या कोळीवाड्यात जाणार. लहानपणी कधी कधी मलाही न्यायचे. तिथे एक दोरीवाले आजोबा जाळी विणत बसलेले असायचे. उजव्या हाताला दोनच बोटं. त्या दोन बोटांनी अशी झरझर गाठ मारायचे, की मी तोंड उघडं टाकून बघत बसायची. त्यांनी दिलेली एक गोल गाठ अजून माझ्या किल्ल्यांना आहे. बाबा त्यांच्याशी कधी बोलायचे नाहीत. नुसते शेजारी बसायचे. मला वाटायचं, मासे स्वस्त मिळावेत म्हणून बसतात.

अक्षता आली, दार उघडलं. किल्ल्या आता गळ्यात घालूनच हिंडते आहे, बैलाच्या घंटेसारख्या.

२९ जून

आमच्या टेलिफोन ऑफिसच्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप आहे. नाव 'हॅलो हॅलो'. काम एकच, सकाळी फुलं पाठवायची. सगळ्यांत आधी फूल येतं ते पुण्याहून श्यामकांत साठमचं. पावणेसात वाजले नाहीत की झेंडू. मी कधी उत्तर देत नाही.

लिहायचीच आहे डायरी तर लिहून टाकते. शहाऐंशी साली हाच श्यामकांत मला म्हणाला होता, "रविवारी घरी येतो. तुझ्या बाबांशी बोलतो." मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे की." रविवारी पोह्यांची तयारी केली. बाबा म्हणाले, "पाहुण्याला काय ओल्या खोबऱ्याशिवाय पोहे देणार? जा, नारळ घेऊन ये." मी धावत गेले, धावत आले. "कुणी आलं होतं?" "नाही गं," बाबा म्हणाले. दिवे लागेपर्यंत माझ्याबरोबर वाट बघत बसले बिचारे. मग आम्ही दोघांनी थंड पोहे खाल्ले.

पुढच्या आठवड्यात हे साहेब ऑफिसात माझ्याकडे बघेनात. मीही विचारलं नाही. का विचारू? ज्याला यायचं नाही, त्याच्या मिनतवाऱ्या करणारी मी नव्हे. त्याने पुण्याला बदली घेतली. लग्न केलं, नातवंडं आहेत. असो. झेंडू सुंदर होता आजचा.

६ जुलै

मुलुंडला शांताआत्याकडे जाऊन आले. दोन बसेस, आणि पवईला तासभर खोळंबा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. शहाऐंशी वर्षांची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिच्याशिवाय त्या पिढीतलं आता कुणी नाही.

सरळ विचारलं, "आत्या, आजोबांची तिथी चुकली असं बाबा म्हणाले. कुठली गं खरी?"

हातातली कपबशी खाली ठेवली तिने. "माका काय म्हायत नाय. गेलेल्याक कशाक उकरतंस गो?"

"बाबांना शब्द दिलाय."

"मगे तेकाच इचारूचा होता. तो जाय मा दर म्हयन्याक दांड्यार."

"दांड्याला? दांड्याचा काय संबंध?"

झालं, तोंडाला कुलूप. सुनेला हाक मारून टीव्ही मोठा करायला लावला. मी पेरू घेऊन गेले होते, ते परत पिशवीत घालून दिलेन. असा राग आला! पण एक गोष्ट मनात राहिली. दांडा म्हणताना तिचा आवाज चोरट्यासारखा झाला होता.

१३ जुलै

जयवंतचा फोन. माझा धाकटा भाऊ, गोरेगावला असतो. आठवड्यातून एकदा फोन करतो, तोही गाडी चालवताना. वर्षश्राद्धाला किती माणसं, वडे बाहेरून आणू का, वगैरे. मी विचारलं, "तुला आजोबांचं काही आठवतं का रे?"

"मी जन्मलो तेव्हा ते मरून किती वर्षं झाली होती, ताई! बाबांचंही तेव्हाचं आठवत नाही धड. हां, एक आठवतं. बाबांनी एकदा टक्कल केलेलं. मी दुसरीत होतो. मुलं मला टकल्याचा मुलगा म्हणून चिडवायची."

"ते नवसाचं होतं."

"कसला नवस! आणि त्याच वर्षी तू मला राखी बांधली नाहीस. आजी म्हणाली, यंदा आपल्याकडे राखी नाही. मी रडून गोंधळ घातला होता. चल, सिग्नल सुटला."

मलाही आठवलं. राखी आणून ठेवली होती, चमकीची. आजीने हातातून काढून घेतली. चांगली सातवीत होते मी, पण विचारायची पद्धतच नव्हती आमच्यात. आजी देवाला शिवत नव्हती, बाबांनी मिशीसुद्धा काढली होती. नवसाला मिशी कोण काढतं?

काहीतरी आहे. मला कळेना म्हणून पितृपक्षाचं आठवत बसले. आजी षष्ठीला कावळ्याचं पान गच्चीत ठेवायची आणि एक डबा भरायची गाईचा. तीन पुडांचा, काठोकाठ. तबेला दोन गल्ल्या सोडून. तरी बाबा तो डबा घेऊन गेले की संध्याकाळीच परत. गाय काय दांड्याला बांधली होती?

हे गंमत म्हणून लिहिलं. लिहिल्यावर हात थांबला.

२७ जुलै

आता सरळ लिहिते, नाहीतर जमणार नाही.

सकाळी खारदांड्याला गेले. किती वर्षांनी! पावसाळ्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्रात जायचं म्हणून एकीला रंग चालला होता. मी बघतच राहिले. आमच्या दाराचा रंग! तोच.

सुके बोंबील घेऊन एक म्हातारी बसली होती. ओरडली, "बोंबील घेतंस का होरी बघतंस?" मी पिशवी उघडायला वाकले, तशी गळ्यातली किल्ली खाली लोंबली. तिने गाठ हातात धरली. "ही कुठली गो?"

"लहानपणी इथल्या एका आजोबांनी दिलेली."

"दोन बोटांचा?"

"हो."

तिने मला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं. "रघूची पोर तू! गाठवाली! बापाच्या बोटाला धरून यायचीस." मग हसली. "आज्याची गाठ अजून ठेवलीस तू. बरा केलास."

"आज्याची म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझा आजा तो. गुणाजी. तुला ठाव नाय?"

बोंबलांवर बसले असते मी. तिनेच पाट दिला. धुरपदाबाई तिचं नाव. तिचा सासरा आणि आजोबा एका आगबोटीवर होते. बोट बुडाली तेव्हा आजोबा वाचले. जपान्यांच्या कैदेत बोटं गेली. मग कुठल्या कुठल्या बंदरांत राहिले ते कुणाला सांगितलं नाही त्यांनी. इतकी वर्षं का आले नाहीत, तेही नाही. आले ते थेट घरी गेले, परळच्या चाळीत. तिथून या सासऱ्याकडे आले, त्यानेच बाबांना निरोप धाडला, आणि मरेपर्यंत इथेच, जाळी विणत. सतरा वर्षं!

"घरी का नाही राहिले?"

"तुमचे लोकांनी त्याला जाळला व्हता ना आदीच," धुरपदाबाई म्हणाली. जसं काही हे साधंच. "भादव्यात रघू डबा आनायचा. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. म्हातारा मांडी घालून जेवायचा. म्हनायचा, माझा श्राद्ध लय चवीचा असतो. आमी हसायचो, तो पन हसायचा. मंग हात धुऊन भिंतीकरं तोंड करून बसायचा."

विचारलं, गेले कधी?

"नारली पुनवेचे आदले दिशी. सगला कोलीवारा सजलेला, नि हा गेला. रघू आला, हितंच डोकी केलीन, आग दिलीन. रडला नाय. होरीचा रंग उरलेला, तो मागून नेला."

म्हणजे दुसऱ्या दिवशी राखी. जयवंत रडत होता, आजी देवाला शिवत नव्हती. सुतक होतं घरात आणि आम्हा पोरांना पत्ता नाही.

तिथी मिळाली. श्रावण शुद्ध चतुर्दशी. आनंद व्हायला हवा होता. धुरपदाबाईने बोंबील दिले, ते कुठे विसरले कोण जाणे.

२८ जुलै

आज कुणाशी बोलले नाही. बोलायला होतंच कोण म्हणा. बाबांच्या फोटोला हार घातला नाही. उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत, असं मी चारचौघांत सांगत होते. मूर्ख बाई. जिवंत बापाला पान वाढत होते ते, आणि मी शेजारी बसून चटणी वाटत होते.

३ ऑगस्ट

परत मुलुंड. या वेळी आत्याच्या मांडीवर किल्ल्यांची गाठ ठेवली. म्हटलं, "दांड्याला जाऊन आले." आत्या बराच वेळ गाठ चाचपत बसली. मग टीव्ही बंद करायला सांगितला.

"पालाशविधी करून पाच म्हयने झाले होते. तुझ्या बापाशीचा लगीन ठरलेला. दुपारची वेळ. दार तेनाच उघडल्यान. भायर दाढीवालो माणूस. 'रघू मा तू?' इचारल्यान. आवशीन आतसून हाक मारल्यान, 'कोण असा रे?' तुझो बापूस म्हणालो, 'कोण नाय गे आये. पत्तो चुकलो.' आणि दार लावल्यान. मी थयच होतंय. सोळा वर्षांचा."

"आणि आजोबा?"

"जिन्यार बसान रवले. दिवे लागेपर्यंत. मगे गेले."

जिन्यात. मला माझाच जिना दिसला.

बाबा दुसऱ्याच दिवशी भटांकडे गेले होते, आत्याला घेऊन. म्हणजे रात्रभर झोपले नसणार. भट म्हणाले, अग्नी दिलेला माणूस असा घरात घेता येत नाही. त्याला तुपात न्हाऊ घालायचं, बारशापासून सगळे संस्कार नव्याने, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी परत लग्न. सगळ्या भावकीसमोर. ऐकून आत्याला तेव्हा हसू आलं होतं म्हणे. घरी येऊन बाबांनी आजीला आडून विचारलं, "आये, समज, बाबा परत इले तर?"

आजी भाकऱ्या थापत होती. मान वर केली नाही तिने. म्हणाली, "मेलेलो माणूस परत येणा नाय. तुझा लगीन होऊ दे."

"म्हणजे तिला कळलं नव्हतं?"

"आवाज वळकूक चुकात ती? बारा वर्षां त्या आवाजाची वाट बघल्यान." आत्या रडायला लागली. "तेका वाटायचा आवशीक म्हायत नाय. तिका वाटायचा झिलाक, रघूक कळाक नको. डबो मात्र भरी. दरसाल." मग डोळे पुसून म्हणाली, "मी पण बोललंय नाय गो. माझा पण लगीन व्हायचा होता."

निघताना पेरू दिले तर या वेळी ठेवून घेतले तिने.

बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. किती सहज म्हणाले असतील बाबा. कोण नाही, पत्ता चुकला. त्यांचा तो शांत आवाज मला इतका ओळखीचा आहे. कुठेतरी तसाच ऐकलाय मी. आठवत नाही.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. जयवंतला म्हटलं होतं, आजोबांची खरी तिथी आहे, ये. तो म्हणाला, "ताई, आता कशाला ही भानगड? अनुपमाच्या माहेरचे येणार आहेत तेराला. त्यांच्यासमोर एक अक्षर काढू नकोस." अनुपमा म्हणजे त्याची बायको. तिच्या माहेरच्यांना म्हणे असलं चालत नाही. सत्तर वर्षं झाली, अजून सोयरिकीचीच भीती!

मग एकटीनेच केलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. मंत्र मला येत नाहीत. गच्चीत पान ठेवलं आणि म्हटलं, "आजोबा, मी गाठवाली. तिथी सापडली तुमची. आता दरसाल हीच." वाक्य संपायच्या आत दोन कावळे. जरा माणसासारखं बोलूही देईनात. हसू आलं आणि मग तिथेच कठड्याला टेकून रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी, आजीसाठी, बाबांसाठीसुद्धा. बाबांना मी मनातल्या मनात जवळजवळ माफ केलं आज. पोरगाच होता चोवीस वर्षांचा. घाबरला असेल.

११ ऑगस्ट

माफबिफ काही नाही.

सकाळी झेंडू आला. कसं कोण जाणे, मी उत्तर दिलं. एवढंच, 'सुप्रभात, श्यामकांत.' ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. परवापासून मन हळवं झालंय, त्याचा परिणाम. लगेच उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवते.

'विमल! किती वर्षांनी. बरी आहेस ना? बाबा गेल्याचं कळलं. दार अजून निळंच आहे का?'

मी दहादा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. दाराचं मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणालाही.

नारळ आणायला पाठवलं मला. ओलं खोबरं! आणि नंतर माझ्याबरोबर बसून दिवे लागेपर्यंत वाट बघितली त्या माणसाने. थंड पोहे खाल्ले. 'असतात गं माणसं अशी,' म्हणाले. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. त्या हाताला काही वाटलं नाही?

आणि मी एकोणचाळीस वर्षं श्यामकांतला भेकड समजत राहिले. तो मला काय समजला असेल?

दुपारी वर्षश्राद्धाची यादी वाचायला जयवंतचा फोन. "ताई, वडे तू करतेस ना? तुझ्यासारखे बाहेर मिळत नाहीत." करते म्हटलं. अजून काय म्हणणार!

१३ ऑगस्ट

श्राद्ध जयवंतकडे, गोरेगावला. वीस माणसं होती. अनुपमाने घर छान सजवलं होतं, श्राद्ध आहे की मुंज कळू नये इतकं. भटजींनी नावं घेतली. रघुवीर, गुणाजी, बाबल. "गुणाजींची तिथी?" जयवंत म्हणाला, "षष्ठी." मी म्हटलं, "श्रावण शुद्ध चतुर्दशी. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दांड्याला वारले." सगळे माझ्याकडे बघायला लागले. जयवंत डोळे वटारत होता. वटारू दे. शब्द दिला होता, पाळला. कुणावरचा राग कुठे काढायचा नसतो, एवढं मला कळतं.

मग बाबांचं पान गच्चीत ठेवलं. कावळे होते, टाकीवर ओळीने बसलेले. एक खाली येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग चालू झालं नेहमीचं. जयवंत पुढे झाला, "बाबा, गावच्या घराचं काम नीट करून घेतो." कावळे ढिम्म. अनुपमा म्हणाली, "विमलताईंना आम्ही अंतर देणार नाही हो." बाई, ते तर कावळ्यांनाही पटलं नाही. कुणी म्हणालं, देवाचं काही राहिलं असेल. कुणी घड्याळ बघितलं. भटजी म्हणाले, "नाही शिवत तर राहू द्या. गाईला घालू."

गाईला! मी म्हटलं, "थांबा जरा. तुम्ही सगळे खाली व्हा, मी आले."

ते गेले. मी पानासमोर उकिडवी बसले. ओळीतला एक कावळा मान तिरकी करून बघत होता.

"बाबा," मी म्हटलं, "आजोबांचं कळलं. त्यांची तिथी बरोबर केली." तो हलला नाही. "श्यामकांत आला होता. तेही कळलं." तो टाकीवरून कठड्यावर आला, माझ्यापासून हातभर. तिथेच बसला, पंख आवळून. पुढे येईना. मला किती काय काय बोलायचं होतं. दोन दिवस घोकलं होतं, वडे तळता तळता घोकलं होतं. का केलंत, तुमची कोण होते मी, चहा करणारी बाई?  आणि मग तो शेवटचा महिना आठवला. एका हाताने माझं मनगट धरलेलं, तोंडात पेज, आणि 'तिथी चुकली' एवढंच बाहेर पडलं. बाकीचं त्यांना बोलताच आलं नाही. आमच्या घरात चुकलं म्हणायची पद्धतच नाही. आमच्याकडे डबा भरतात.

मी म्हटलं, "राहू दे. जेवा आता."

शिवला म्हणजे काय, तुटून पडला. खीर सांडली सगळी. मी त्याचं होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

खाली आल्यावर जयवंतने विचारलं, "काय अडलं होतं गं बाबांचं? काय कबूल केलंस?"

"काही नाही. भूक लागली होती त्यांना."

उरलेले वडे तीन पुडांच्या डब्यात भरून आणलेत, उद्या धुरपदाबाईला नेऊन देईन. घरी आले तर जिन्यात कुणी नव्हतं. गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं, दिवा लावला, आणि बसून श्यामकांतला उत्तर लिहिलं.

'नाही रे. आता तपकिरी आहे.'